कोरोलातला उंदीर

ज्ञानेश मगदूमची गाडी कधीच बिघडत नसे, आणि या गोष्टीचाही माणसाला त्रास होऊ शकतो हे त्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गाडी म्हणजे टोयोटा कोरोला. चंदेरी रंगाची, दोन हजार चार सालची. ज्ञानेशने ती आयर्लंडमध्ये आल्या आल्या ट्रलीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. तेव्हा त्या गृहस्थाने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं की ही तुला पुरून उरेल. पुढची बारा वर्षं गाडीने त्या थापेची लाज राखली. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या त्यांच्या वसाहतीत लोकांनी तीन-तीन गाड्या बदलल्या, समोरच्या घरात नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी आली, पण मगदुमांची कोरोला सकाळी किल्ली फिरवली की गुमान चालू होत होती. सुचित्रा, म्हणजे ज्ञानेशची बायको, म्हणायची, "ही गाडी बंद पडली तर निदान नवी घेता येईल. पण ती मेली बंद पडेल तर ना." सुचित्रा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, त्यामुळे म्हातारी माणसं किती चिवट असतात हे तिला चांगलं ठाऊक.

ज्ञानेशने कोरोलाच का घेतली, हे त्याला कुणी विचारू नये. सुचित्राने लग्नानंतर एकदा विचारलं होतं आणि तिला पाऊण तास ऐकावं लागलं. एका सुताराचा मुलगा होता, जपानातल्या खेड्यातला. आईला हातमागावर राबताना बघून त्याने माग सुधारायला घेतला. सुधारता सुधारता असा माग केला की धागा तुटला की माग आपोआप थांबणार, खराब कापड विणतच बसणार नाही. त्या मागाचं पेटंट विलायतेतल्या कंपनीला विकलं आणि त्याच्या मुलाने मोटारी करायचं मनावर घेतलं. आडनाव टोयोडा, पण गाडीचं नाव टोयोटा, कारण त्यांच्या लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ त्यांच्याकडे शुभ. हे सगळं ज्ञानेश पाहुण्यांना वरण-भात वाढून झाल्यावर सांगतो. पाहुण्यांना पळता येत नाही.

त्याला ही गोष्ट कुठून माहीत? वडिलांकडून. अण्णा मगदूम इचलकरंजीत चाळीस वर्षं जॉबर होते. पॉवरलूमच्या कारखान्यात माग बिघडला की जो माणूस हाकेला धावतो तो जॉबर. खडखडाटात साठ माग चालू असताना कुठला नीट बोलत नाही हे अण्णांना दारातूनच कळायचं. तुटलेला धागा ते एका हाताने जोडायचे, गाठ इतकी बारीक की कापडात कुठे गेली ते दिसायचं नाही.

तर असे हे अण्णा, वय बहात्तर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांसाठी डब्लिनला आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा इचलकरंजीत एकटे राहत होते, स्वतःची भाकरी स्वतः थापत होते आणि फोनवर "मला काय धाड भरलीय" म्हणत होते. त्यांना एकदा आणायचं, जमलं तर दरवर्षी आणायचं, हे ज्ञानेशने दोन वर्षं उराशी धरून ठेवलं होतं.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी अण्णांनी घराची तपासणी पूर्ण केली. वॉशिंग मशीन चालू होतं, डिशवॉशर चालू होता, नळ गळत नव्हता. स्वयंपाकघरातल्या ज्या कपाटाला सुचित्रा आता तिथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणते, त्याची बिजागरीसुद्धा करकरत नव्हती. नातीशी, नऊ वर्षांच्या ईशानीशी, बोलायला जावं तर तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. तेही असं इंग्रजी की अण्णांना त्यातला एक 'ग्रँड', म्हणजे छान, तेवढा ओळखीचा झाला. अण्णा दिवाणखान्यात खुर्चीवर बसून राहू लागले. हात मांडीवर.

तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "ज्ञानू, माझं तिकीट जरा अलीकडं घे."

"का हो अण्णा? काही त्रास होतोय का?"

"तरास कसला. सूनबाई लई करतीया. पर मानसानं बिनकामाचं कुनाच्या घरात बसू नये."

"कुणाच्या घरात काय अण्णा, तुमचंच घर आहे."

"आसंल की. पर माझ्या हाताला हितं काय बी न्हाई."

ज्ञानेशने समजावलं, सुचित्राने समजावलं, पण अण्णांचं एकदा ठरलं की ठरलं. शेवटी ऑक्टोबरचं तिकीट अठ्ठावीस ऑगस्टचं झालं. म्हणजे गणपतीच्या आधी. गणपतीला अण्णांच्या हातून आरती व्हायची, असं ईशानीने वर्गात सांगून ठेवलं होतं. तिकीट बदलल्याचा मेल आला त्या दुपारी ज्ञानेश गाडीत जाऊन बसला आणि त्याने उगाचच इंजिन चालू केलं. ते पहिल्या झटक्याला चालू झालं. त्याला असा राग आला म्हणून सांगू.

पण त्या रागातूनच त्याला कल्पना सुचली. दहा वर्षांच्या वरच्या गाडीला आयर्लंडात दरवर्षी सरकारी तपासणी असते. तारीख अठरा ऑगस्टची होती. गाडी तयार करायचं काम अण्णांना द्यायचं. हाताला काम मिळालं की माणूस रमतो, आणि रमला की तिकीट काय, पुन्हा पुढे ढकलता येतं.

"अण्णा, गाडी जरा कुरकुर करतेय. बघता का?"

अण्णा ताडकन उठले. लेंगा वर खोचला, बॉनेट उघडलं, मोठा स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पाच मिनिटं ते ऐकत राहिले. शेजारचा डेक्लन, रिटायर्ड बस ड्रायव्हर, कुंपणापलीकडून श्वास रोखून बघत होता.

"काय बी झाल्यालं न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "ह्या कंपनीचं आसंच. आमच्याकडं एका मिलमदी हेंचे माग आलते. धागा तुटला की गप उभं ऱ्हायाचं. बिघाड म्हनून न्हाई. जॉबर आपला दारात तंबाखू मळत बसायचा."

"तिला काही होत नाही," डेक्लन इंग्रजीत म्हणाला. "माझ्या मेव्हण्याची एक होती. गावच्या तळ्यात गेली, ट्रॅक्टरने काढली, वाळवली, चालू झाली."

तर ही त्या कंपनीची कीर्ती, आणि ती मगदुमांच्या घरात अशी आडवी आली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्ञानेश एका संगणक कंपनीत रिलायबिलिटी इंजिनिअर आहे. म्हणजे हजारो संगणक बंद पडू नयेत यासाठी त्याला पगार मिळतो. अशा माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, पायजम्यावर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःची धडधाकट गाडी बिघडवायला बाहेर यावं, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग मागच्या नंबरप्लेटचा बल्ब काढून खिशात टाकला.

अण्णांनी चहा पिता पिता तो बदलला. चहा गार व्हायच्या आत.

मग ज्ञानेशने वायपर सैल केला. अण्णांनी तो जाता जाता चिमटीत पकडून घट्ट केला, चप्पल घालता घालता. मग त्याने इंडिकेटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, अण्णांना दाखवायचं राहून गेलं, आणि ऑफिसला जाताना तो सबंध रस्ताभर डावीकडे वळतोय सांगून उजवीकडे वळत राहिला. लोकांनी त्याला जे हातवारे केले ते ईशानीने मागच्या सीटवरून नीट पाहून घेतले.

बिघाड मोठा हवा, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर सहज म्हणून विचारलं की जुन्या गाडीत काय काय बिघडू शकतं. ब्युमॉन्टहून केदारचं उत्तर आलं, "टोयोटा आहे ना? मग काही नाही." खाली सतरा अंगठे.

रविवारी सकाळी त्याने व्हिडिओ बघून हॉर्नच्या जोडणीत हात घातला. हॉर्न वाजू लागला. वाजू लागला तो थांबेना. किल्ली काढली तरी थांबेना. चर्चला निघालेली मंडळी फाटकाशी उभी राहिली. समोरच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याने खिडकी उघडून ज्ञानेशकडे असं बघितलं की बारा वर्षांत मिळवलेला चांगल्या शेजाऱ्याचा लौकिक पाच मिनिटांत धुऊन निघाला. डेक्लनने सुचवलं की हॉर्नवर उशी दाबून धर. ज्ञानेशने दाबली. आता हॉर्न उशीतून वाजू लागला, एवढंच.

अण्णा बनियनवर बाहेर आले. घाई नाही, गडबड नाही. त्यांनी फ्यूजचा डबा उघडला, एक फ्यूज चिमटीने उपसला, आणि क्लोनडॉकिन शांत झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेक्लन म्हणाला, "युवर मॅन इज अ जीनियस," आणि अण्णांना इंग्रजी न कळताही ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर चार आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला.

मग ते वाकून वायर बघू लागले. बराच वेळ बघत राहिले.

"ज्ञानू, एक सांगतो. आपोआप झालेला बिघाड आन् कुनी हातानं केल्याला बिघाड, मला लांबनं वळकू येतो. मागावर कुनाला कंटाळा आला की धागा तोडायचा, आन् बोलवायचा जॉबरला. चाळीस वरीस बघितलंय."

ज्ञानेशने हातातली उशी उगाच झटकली. "मग हे?"

अण्णांनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "उंदीर आसंल," ते म्हणाले.

घरात उंदराची दहशत पसरली. सुचित्राने दोन पिंजरे आणले आणि त्यात चेडर चीज लावलं. ईशानीने उंदराचं नाव फिनबार ठेवलं. डेक्लनने सांगितलं की पेपरमिंटच्या तेलाने उंदीर पळतो, म्हणून गाडीला पेपरमिंट लावलं. पुढचे पंधरा दिवस ज्ञानेश ऑफिसला गोळी चघळल्यासारखा वास घेऊन जात होता. बरं, खरं सांगायचीही सोय नव्हती. फिनबार आपणच आहोत हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पण एक झालं. दुसऱ्या दिवशी डेक्लन त्याचं गवत कापायचं यंत्र घेऊन आला. ते सात वर्षं पडून होतं. अण्णांनी ते अंगणात वर्तमानपत्रावर सुटं केलं. डेक्लन शेजारी खुर्ची टाकून बसला. अण्णा मराठीत सांगत होते, डेक्लन इंग्रजीत, आणि दोघांचं काही अडत नव्हतं. संध्याकाळी यंत्र फुरफुरलं. त्यानंतर वसाहतीतून एक शिलाई मशीन आलं, दोन सायकली आल्या, एका आजीबाईंचं भिंतीवरचं घड्याळ आलं. अण्णा जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय येईनात. डेक्लनने त्यांना स्वतःचा दहा नंबरचा पाना कायमचा देऊन टाकला. अण्णा तो नेहरू शर्टाच्या खिशात, छातीशी ठेवू लागले.

तिकिटाबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नव्हते. ज्ञानेशने एकदा विषय काढला, "अण्णा, ते अठ्ठावीसचं..." तर अण्णा म्हणाले, "ठरलंय न्हवं?" आणि घड्याळात मान घातली. थांबा म्हणायला मुलगा भ्याला, थांबतो म्हणायला बाप लाजला. मगदुमांच्या घराण्यात ही पद्धतच आहे.

अठरा तारीख उजाडली. गाडी चकचकीत होती, बल्ब जागच्या जागी, टायर नवे. अण्णा म्हणाले, परीक्षेला निघाली म्हणजे पूजा पाहिजे. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. आता बंपरला लिंबू-मिरच्या बांधायच्या, तर सुचित्रा म्हणाली, "अण्णा, बाहेर नको हं. तपासणीवाले काढायला लावतील, उगाच फाटे फुटायचे."

"बरं," अण्णा म्हणाले.

ज्ञानेश अण्णांना घेऊन गेला त्या तपासणी केंद्रावर तरुण इन्स्पेक्टर होता, मोठा अदबशीर. त्याने डिकी उघडली तर तिथे वीस किलोची तांदळाची दोन पोती आणि गणपतीच्या मखराचे पुठ्ठे. "सर, डिकी रिकामी करून आणायची असते," तो म्हणाला. कागदावर तसं छापलेलंच होतं. ज्ञानेशने ती पोती उचलून प्रतीक्षागृहात खुर्च्यांवर ठेवली. एका बाईंनी त्या पोत्यांसाठी सरकून जागा दिली. मग धुराची तपासणी. इन्स्पेक्टरने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. एक मिनिट. दोन मिनिटं.

सुरुवातीला इन्स्पेक्टर नुसता खाकरला. मग त्याला ठसका लागला. मग शेजारच्या रांगेतल्याला लागला. मग काचेपलीकडे बसलेल्या बाई डोळे पुसत बाहेर आल्या. अख्ख्या केंद्रात फोडणी जळल्यावर उडतो तसा खाट उठला. ज्ञानेशला तो वास ओळखीचा वाटला आणि तो गाडीकडे धावला. बॉनेट उघडलं. आत, धुराच्या तापलेल्या पाइपाच्या वर, पांढऱ्या दोऱ्याने बारीक गाठ मारून एक लिंबू आणि सात मिरच्या व्यवस्थित टांगल्या होत्या. एशियन दुकानातल्या थाई मिरच्या, त्या. भाजून काळ्या झालेल्या.

"काय आहे हे?" इन्स्पेक्टरने डोळे चोळत विचारलं.

"सेफ्टी," ज्ञानेश म्हणाला. दुसरा शब्द त्याला सुचला नाही.

कागदावर शेरा मिळाला: तपासणी अपूर्ण. कारणाच्या रकान्यात त्या बिचाऱ्याने बराच विचार करून 'भाजीपाला' असं लिहिलं होतं. फेरतपासणीची तारीख मिळाली सत्तावीस ऑगस्ट. घरी येताना अण्णा खिडकीबाहेर बघत होते. नाक्यापर्यंत आल्यावर त्यांचे खांदे हलू लागले. ज्ञानेश घाबरला, त्याने गाडी कडेला घेतली. बघतो तर अण्णा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "सूनबाई बाहीर नगं म्हनली," एवढंच त्यांना बोलता आलं. मग ज्ञानेशही हसला. दोघं बापलेक कितीतरी वर्षांनी असे हसले, आई गेल्यापासून तर पहिल्यांदाच.

सत्तावीसला गाडी पास झाली. एकही शेरा नाही. इन्स्पेक्टरने गाडी परत देताना तिच्याकडे आदराने बघितलं आणि म्हणाला की अजून दहा वर्षं काळजी नाही. ज्ञानेशला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण आनंदाने नव्हे.

अठ्ठावीसला सकाळी सामान डिकीत चढलं. दुपारचं विमान. डेक्लन फाटकाशी उभा होता, आज त्याला कुठलंच वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. सुचित्राने दशम्या बांधल्या होत्या. ईशानी सोफ्यावर पालथी पडली होती. अण्णा म्हणाले, "मी जरा गाडीला नमस्कार करून येतो," आणि एकटेच बाहेर गेले. त्यांना थोडा वेळ लागला, पण म्हातारी माणसं निघताना वेळ लावतातच.

सगळे गाडीत बसले. ज्ञानेशने किल्ली फिरवली.

काही झालं नाही. नुसता टकसुद्धा आवाज नाही, समोरचा एकही दिवा लागला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोरोला चालू झाली नाही. सुचित्राने टॅक्सीसाठी फोन हातात घेतला. ईशानी मागून हळूच म्हणाली, "इज इट फिनबार, डॅड?"

ज्ञानेशने उतरून बॉनेट उघडलं. बॅटरीची एक तार सोडवलेली होती. नुसती सोडून दिलेली नव्हती. चुकून कुठे टेकू नये म्हणून ती पांढऱ्या दोऱ्याने नीट बाजूला बांधून ठेवली होती. दोऱ्याला गाठ होती, इतकी बारीक की आधी दिसलीच नाही. ज्ञानेश त्या गाठीकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते बॉनेटच्या आड बाहीला पुसले.

मग बॉनेटच्या कडेवरून त्याने आत पाहिलं. अण्णा पुढच्या सीटवर ताठ बसले होते, नजर समोर. नेहरू शर्टाच्या खिशात पाना होता.

"काय झालं रं?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"अण्णा, उंदीर आहे," ज्ञानेश म्हणाला.

"मोठा हाय का?"

"मोठा आहे. गणपती झाल्याशिवाय काही सापडेलसं वाटत नाही. कदाचित ऑक्टोबरपर्यंत."

सुचित्राने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासऱ्यांच्या खिशाकडे, आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. अण्णांनी दार उघडलं, दशम्यांची पिशवी घेतली आणि लेंगा सावरत उतरले.

"मग थांबायलाच पायजे," ते म्हणाले. "सूनबाई, च्या टाक. डेक्लनला बी घाल."